फुल्गोरा, म्हणजे शेंगेसारख्या डोक्याचा मोठा तुडतुडा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा नक्की आहे तरी काय? साप, मगर की फुलपाखरू?

यातलं काहीच नाही. भातावर जे तपकिरी तुडतुडे पडतात ना, शेतकऱ्यांच्या डोक्याला ताप असलेले ते बारीक तुडतुडे, त्यांच्याच गटातला हा, फक्त आकाराने प्रचंड मोठा. फुल्गोरा ही एक प्रजाती, म्हणजे एकच किडा नाही, साधारण आठ-दहा जाती मिळून हा गट होतो, आणि सगळ्यात प्रसिद्ध जात म्हणजे फुल्गोरा लॅटर्नेरिया. राहतो मध्य आणि दक्षिण अमेरिकेत, मेक्सिकोच्या दक्षिणेपासून खाली अर्जेंटिनाच्या उत्तर भागापर्यंत, मधलं ॲमेझॉनचं जंगल धरून. ढेकूण, मावा, सिकाडा (झाडावर बसून कर्कश ओरडणारा किडा) हे सगळे याचे लांबचे नातेवाईक, कारण सगळ्यांचं तोंड एकाच पद्धतीचं, टोचायचं आणि रस ओढायचं.

ब्राझीलमध्ये बाहिया राज्यात पेड्रा ब्रांका नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांना विचारून एक अभ्यास झाला होता. लोकांनी वर्णन केलं की डोकं सापाचं, पंख फुलपाखराचे आणि अंग सिकाडाचं. मला हे वर्णन फार आवडतं, कारण ज्यांनी तो रोज पाहिलाय त्यांनी तीन तुकड्यांत अख्खा किडा डोळ्यांसमोर उभा केला.

किती मोठा असतो?

अंग ८-९ सेंटीमीटर, पंख पसरले की १० ते १५ सेंटीमीटर. तळहातावर ठेवला तर बोटांपर्यंत जाईल एवढा. तुडतुडा म्हटल्यावर तांदळाच्या दाण्याएवढा जीव डोळ्यांसमोर येतो, म्हणून फोटो पहिल्यांदा बघणाऱ्याला तो खोटाच वाटतो. खोटा नाही.

ते डोकं एवढं फुगलेलं का? आत काय असतं?

आत मुख्यतः पोकळी. बाहेरून बघितलं तर सालासकट भुईमुगाची शेंग जशी दिसते, मधे जरा आवळलेली, दोन्हीकडे फुगीर, अगदी तसाच आकार, म्हणून इंग्रजीतही याला शेंगडोक्या अशाच अर्थाचं नाव आहे. पण जवळून नीट बघा. शेंगेच्या बाजूने एक खोटा डोळा रंगवल्यासारखा दिसतो, पुढे नाकपुडीसारखा फुगवटा, आणि खालच्या कडेला पांढऱ्या-काळ्या खुणांची रांग, जणू मिटलेल्या जबड्यातून दात दिसतायत. सरड्याचं किंवा छोट्या मगरीचं थोबाड, फक्त हलत नाही.

आता खरा डोळा शोधा. तो या सगळ्या सोंगाच्या मागे, जिथे शेंग संपते आणि छाती सुरू होते तिथे, एक छोटा गोल मणी असतो, आणि त्या मण्याच्या बरोब्बर खाली एक बारीकशी गाठ आणि त्यातून निघालेला केसासारखा तंतू, तीच त्याची मिशी. मिशी डोळ्याच्या खाली असणं ही या तुडतुड्यांच्या गटाची ओळखच आहे. फोटो झूम करून एकदा हा खरा डोळा सापडला की मग मगर दिसायची बंद होते आणि किडा दिसायला लागतो, प्रत्येकाने हे एकदा करून बघावंच.

मग तोंड कुठे आहे? त्या शेंगेने टोचतो का?

नाही, शेंगेला तोंड नाहीच. खरं तोंड म्हणजे एक बारीक सोंड, डोक्याच्या खालून निघते आणि पाय असतात त्या बाजूला, पोटाला चिकटून मागे वळवून ठेवलेली असते. वरून बघितलं तर दिसतच नाही. खायची वेळ झाली की सोंड खाली करून सालीत घालतो. म्हणजे सगळे ज्याला घाबरतात तो भाग नुसता पोकळ फुगा आणि खरी सुई कुणाच्या लक्षातच येत नाही.

रात्री याचं डोकं उजेड देतं हे खरं आहे का?

नाही. पण ही समजूत आली कुठून ते सांगितल्याशिवाय नुसतं नाही म्हणणं बरोबर नाही, कारण ती एका फार मोठ्या बाईकडून आली.

मारिया सिबिला मेरियन, जन्म १६४७, फ्रँकफर्टची. किड्यांची चित्रं काढायची, आणि नुसती चित्रं नाही, अळीपासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास स्वतः किडे पाळून बघायची. १६९९ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, आपली चित्रं विकून पैसे उभे केले आणि धाकट्या मुलीला घेऊन जहाजाने दक्षिण अमेरिकेतल्या सूरीनामला गेली, फक्त किडे बघायला. त्या काळात. १७०१ मध्ये आजारी पडून परत आली आणि १७०५ मध्ये तिचं सूरीनामच्या किड्यांवरचं पुस्तक निघालं.

त्यात ती लिहिते की तिथल्या मूळ रहिवाशांनी तिला हे किडे आणून दिले, तिने ते एका मोठ्या लाकडी पेटीत ठेवले, आणि रात्री पेटीतून एवढा आवाज यायला लागला की घरातले दचकून उठले. दिवा लावला, आवाज पेटीतून येतोय हे कळलं, पेटी उघडली तर आतून ज्वाळा आल्यासारखा उजेड, घाबरून पेटी हातातून टाकली, आणि जेवढे किडे बाहेर आले तेवढ्या ज्योती. मग धीर आला, किडे परत गोळा केले. एका किड्याच्या उजेडात वर्तमानपत्र वाचता येईल असंही तिने लिहून ठेवलंय.

यानंतर लोकांनी जिवंत फुल्गोरा बघितले, कापून बघितले, पण काजव्याच्या पोटात असतो तसा उजेड देणारा अवयव त्याच्या डोक्यात सापडला नाही, आणि तिने लिहिलेला उजेड पुढे कधी पक्का झाला नाही. मग तिने काय बघितलं? एक अंदाज असा की उजेड देणारे जिवाणू त्या वेळी किड्यांच्या अंगावर असतील. दुसरा अंदाज असा की गोंधळ झाला, कारण त्याच भागात पायरोफोरस नावाचे भुंगे असतात जे खरंच लख्ख उजेड देतात, छातीच्या मागच्या दोन कोपऱ्यांत दोन हिरवे दिवे असतात त्यांना. मला स्वतःला दुसरा अंदाज जास्त पटतो, पेटीत दोन्ही किडे आले असतील तर सगळं जुळतं. पण या एका नोंदीवरून मेरियनला खोटारडी ठरवणारे लोक मला अजिबात आवडत नाहीत. जिने आयुष्यभर डोळ्यांनी बघून लिहिलं तिची एक रात्र चुकली असेल, एवढंच.

अजून एक, तिथले लोक तिला सांगत होते की सिकाडाचाच पुढे हा किडा होतो, आणि तिच्या चित्रात अंग सिकाडाचं आणि डोकं फुल्गोराचं असा एक जोडकिडा पण आहे. असं रूपांतर होत नाही, दोन्ही वेगळे किडे, पण नातं आहे हे लोकांनी बरोबर ओळखलं होतं.

उजेड नाही तर नावात कंदील आणि वीज का?

कारण नाव ठेवणाऱ्याने ऐकीव गोष्ट खरी धरली. लिनियस, म्हणजे प्राणी-वनस्पतींना शास्त्रीय नावं देणारा स्वीडिश शास्त्रज्ञ, त्याने १७५८ मध्ये याला सिकाडांमध्येच टाकलं आणि पुढचं नाव दिलं लॅटर्नेरिया, म्हणजे कंदीलवाला. १७६७ मध्ये फुल्गोरा हे प्रजातीचं नाव आलं, लॅटिनमध्ये फुल्गोर म्हणजे लखलखाट, चमक. शास्त्रीय नावाचा अर्थ चुकीचा निघाला म्हणून ते बदलत नाहीत. इंग्रजीत अजूनही या पूर्ण कुळाला कंदीलमाशी म्हणतात, आणि त्यातली एकही जात उजेड देत नाही, आणि माशी तर अजिबात नाही.

चावला तर माणूस मरतो म्हणतात?

नाही मरत. विष नाही, नांगी नाही, दात नाहीत. ती जी सोंड आहे ती झाडाच्या सालीत घालून रस ओढण्यासाठी आहे, माणसाकडे त्याचं काहीही काम नाही. हातावर घेतला तर बसतो, चालतो, जास्तीत जास्त उडून जातो.

पण ही भीती फार जुनी आणि फार खोल आहे. ब्राझीलमध्ये त्याला जेकिटिरानाबोया म्हणतात, तुपी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतला शब्द आहे, सिकाडासारखा साप अशा अर्थाचा. काही ठिकाणी सरळ उडता सापच म्हणतात. पेरूमध्ये चिचारा-माचाकुय, त्यातला माचाकुय म्हणजे केचुआ या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत साप. म्हणजे बघा, वेगवेगळ्या भाषांमधल्या लोकांनी याला साप ठरवलं. समज असा की उडत येऊन त्याची सोंड माणसाला किंवा जनावराला लागली की जागच्या जागी खेळ खलास, आणि झाडाला लागली तर झाड वाळून जातं. त्यामुळे दिसला की ठेचतात.

यात वाईट हे वाटतं की ज्या डोक्यामुळे तो पक्ष्यांपासून वाचत असेल त्याच डोक्यामुळे माणसाच्या हातून मरतो.

ते चोवीस तासांचं काय आहे?

कोलंबिया आणि आजूबाजूच्या देशांत याला मचाका म्हणतात, आणि तिथे सांगतात की मचाका चावला तर चोवीस तासांच्या आत शरीरसंबंध ठेवायचा, नाहीतर मरण. कुणीतरी कधीतरी सांगितलं असेल, ते टिकलं. चावतच नाही म्हटल्यावर पुढचं सगळं आपोआप बाद. पर्यटकांना ही गोष्ट हमखास ऐकवतात, आणि इंटरनेटवरही या किड्याबद्दल हीच माहिती फिरत असते, त्याचं खरं जगणं कुणी विचारत नाही.

मग खातो काय?

झाडाचा अन्नरस, एवढंच. सालीच्या आत ज्या नळ्यांतून पानांनी बनवलेली साखर खाली जाते तिथपर्यंत सोंड पोचवायची आणि ओढायचं. सिमारूबा अमारा नावाच्या झाडावर आणि हायमेनिया, ज्याला ब्राझीलमध्ये जातोबा म्हणतात, त्या मोठ्या झाडावर हे बऱ्याचदा सापडतात.

आता यातली गंमत समजून घ्या. या रसात साखर आणि पाणी भरपूर पण प्रथिनं बनवायला लागणारा माल अगदी कमी, म्हणून रस खूप प्यावा लागतो आणि जास्तीचं गोड पाणी मागून बाहेर टाकावं लागतं, मावा पडलेल्या झाडाखाली पानं चिकट होतात ना, तोच प्रकार. कमी पडणारा माल बनवून द्यायला या गटातल्या तुडतुड्यांच्या शरीरात खास जिवाणू राहतात, आईकडून अंड्यातून पिल्लांत जातात, कोट्यवधी वर्षांची जोडी आहे ही. आणि ते गोड पाणी वाया जात नाही. या कुळातल्या किड्यांच्या मागे पाली, झुरळं, पतंग आणि गोगलगायसुद्धा थेंबाची वाट बघत बसलेल्या नोंदवल्यात. कोस्टारिकात याच कुळातल्या एका लहान किड्याच्या मागे गोगलगाय थेंब पिताना दिसली आहे. एक किडा म्हणजे चालती-बोलती पाणपोईच.

याच्यामुळे झाड वाळतं का?

नाही. जंगलातल्या मोठ्या झाडावर पाच-सहा किडे बसून रस पितात, त्याने एवढ्या झाडाला काही होत नाही. झाड दुसऱ्या कारणाने वाळलं आणि त्यावर हा बसलेला दिसला की याच्या नावावर बिल फाटतं.

धोका आला की काय करतो?

पहिली गोष्ट म्हणजे काहीच करत नाही, आणि तेच त्याचं मोठं शस्त्र आहे. पुढचे पंख राखाडी-तपकिरी, त्यावर काळे-पांढरे ठिपके, शेवाळ आणि बुरशी लागलेल्या सालीसारखे. पंख छपरासारखे मिटून, डोकं वर करून खोडाला चिकटून बसला की दोन फुटांवरून दिसत नाही.

पण बोट लावलं, किंवा एखाद्या माकडाचा हात लागला, तर एकदम पंख उघडतो आणि मागच्या पंखांवरचे दोन मोठे गोल डोळे समोर येतात. पिवळट कडा, आत काळं बुबुळ, बुबुळात पांढुरका ठिपका, जणू प्रकाश पडलाय. घुबडाने डोळे उघडल्यासारखं. सालीतून अचानक घुबड निघालं तर कुणीही क्षणभर मागे सरकेल, आणि त्याला तेवढाच क्षण पाहिजे असतो, उडी मारून उडायला. शिवाय वास मारणारा स्राव सोडतो असंही नोंदवलंय. म्हणजे लपणं, दचकवणं, पळणं आणि वास, चार थर झाले.

पण डोकं मगरीसारखंच का? एवढीशी मगर कुणाला खरी वाटेल?

हा प्रश्न बरोबर आहे आणि मलाही बरीच वर्षं हेच वाटायचं. मगर झाडाच्या खोडावर बसत नाही आणि नऊ सेंटीमीटरची तर नाहीच. म्हणून जास्त पटणारं मत असं की ही नक्कल मगरीची नसून खोडावर राहणाऱ्या सरड्यांची आहे. जंगलात खोडावर डोकं वर करून बसलेला सरडा रोजचाच, आणि त्याचं डोकं साधारण याच मापाचं. किडे टिपणारा छोटा पक्षी खोडावर उतरला आणि समोर सरड्याचं थोबाड दिसलं तर तो विचार करत बसणार नाही. मगर दिसते ती आपल्याला, कारण आपण फोटो मोठा करून बघतो, पक्षी मोठा करून बघत नाही.

मागे पांढरी पावडर किंवा कापूस लागलेला दिसतो, रोग आहे का?

रोग नाही, मेण आहे. पोटावरच्या ग्रंथींतून बाहेर येतं, आणि या कुळात ते सगळीकडे दिसतं. स्वतःचंच गोड पाणी अंगाला चिकटून बसू नये, ओल लागू नये यासाठी उपयोग होतो. पिठ्या ढेकणाच्या अंगावर जो पांढरा थर असतो तोही मेणच.

अंडी, पिल्लं वगैरे?

मादी खोडावर पुंजक्याने अंडी घालते आणि वरून मेणासारख्या स्रावाने झाकते. पिल्लं अळीसारखी नसतात, कोश पण नाही, पिल्लू लहानपणापासून मोठ्यासारखंच, फक्त पंख नाहीत, आणि प्रत्येक वेळी कात टाकली की थोडं मोठं. पुढे आलेलं डोकं पिल्लालाही असतं.

आवाज करतो का, सिकाडासारखा?

सिकाडासारखा कानठळ्या बसवणारा नाही. या गटातले तुडतुडे एकमेकांशी बोलतात ते बहुतेक फांदीच्या थरथरीतून, पायांनी जाणवतं, आपल्याला ऐकू येत नाही.

याला खातं कोण?

पक्षी, माकडं, कोळी हे नेहमीचे. पण या कुळाचा एक शत्रू सांगितल्याशिवाय राहवत नाही. पतंगांचं एक छोटं कुळ आहे, त्यांच्या अळ्या झाडावर नाही तर जिवंत तुडतुड्याच्या अंगावर चिकटून वाढतात. आशियातल्या पायरॉप्स नावाच्या भाऊबंदांवर हाँगकाँगमध्ये अशा अळ्या सापडल्या होत्या, १८७६ मध्ये त्यावरून पतंगाला नाव दिलं गेलं एपिपायरॉप्स, म्हणजे पायरॉप्सच्या वर बसलेला. पाठीवर पांढरा मेणाचा गोळा दिसतो, तीच अळी.

अमेरिकेत दिसला की मारा म्हणतात तो हाच का?

नाही, प्लीज हे दोन एक करू नका. तो लायकोर्मा डेलिकॅट्युला, ठिपकेवाला, मूळचा चीनकडचा, २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियात सापडला आणि मग पसरला, द्राक्षांचं नुकसान करतो, चिकट पाण्यावर काळी बुरशी येते. कुळ एकच, पण तो आकाराने लहान आणि पाहुणा म्हणून आलेला, फुल्गोरा आपल्या मूळ जंगलातच राहतो आणि कुणाचं पीक खात नाही. योगायोग असा की लायकोर्माचं आवडतं झाड आयलँथस आणि फुल्गोराचं सिमारूबा ही दोन्ही झाडं एकाच कुळातली, दोन्ही कडू रसाची.

आशियात याच्यासारखं काही आहे का?

फुल्गोरा नाही, पण वर ज्याचं नाव आलं तो पायरॉप्स आहे, भारतापासून चीन, इंडोनेशियापर्यंत, साधारण ७० जाती. त्याचं डोकं शेंगेसारखं नाही, बारीक लांब आणि वर वळलेलं, सोंड असल्यासारखं. लिचीच्या आणि लाँगन या लिचीसारख्याच फळाच्या झाडांवर बसणारा पायरॉप्स कँडेलॅरियस सगळ्यात प्रसिद्ध, लाल सोंडेवर पांढरे ठिपके आणि हिरवे पंख. त्याच्या नावातही मेणबत्ती आहे आणि तोही उजेड देत नाही.

पाळता येईल का?

नको. जिवंत, मोठ्या झाडाच्या खोडातला रस लागतो, तो डब्यात देता येत नाही, किडा उपाशी मरतो.

जंगलात गेलो तर कसा शोधायचा?

कोस्टारिका, पनामा, ॲमेझॉन या बाजूला गेलात तर तिथल्या गाइडला सिमारूबाचं किंवा जातोबाचं झाड दाखवायला सांगा. दिवसा जा, कारण दिवसा ते गप्प बसलेले असतात. खोडाच्या सरळ समोर उभं राहू नका, बाजूला सरका, गाल खोडाजवळ नेऊन वर बघा, म्हणजे खोडाची कड आकाशावर उठून दिसते आणि त्या कडेवर आलेली शेंग लगेच कळते. एक सापडला की आजूबाजूला अजून शोधा, एकाच झाडावर दोन-चार बसलेले असतात. हात लावायची गरज नाही, फोटो बाजूनेच काढा म्हणजे खरा डोळा आणि खोटा डोळा दोन्ही येतील. आणि दुसऱ्या दिवशी परत तिकडून जाणं झालं तर त्याच खोडावर बघा, एकच झाड धरून ते बरेच दिवस राहतात.